पाकिटातलं झाड

गायीवर लिहायला या स्मरणिकेत माणसं कमी पडणार नाहीत. गीर, जर्सी, होल्स्टिन, गोठवलेलं वीर्य, मोटारसायकलवरून दारात येणारा 'डॉक्टर' हे सगळं बायफचं नाव घेतलं की आपोआप डोळ्यांपुढे येतं. माझ्या वाट्याला झाड आलं आणि मला ते बरंच वाटलं. मी संस्थेत कधी नोकरीला नव्हतो. यवतच्या अलीकडे ज्यांच्या बांधावर सुबाभूळ अगदी सुरुवातीला लागली, त्यांतल्या एका शेतकऱ्याचा मी मुलगा, आणि पुढे शेतीवर लिहून पोट भरणारा माणूस. त्यामुळे हा इतिहास थोडा कागदांवरून आणि बराचसा बांधावरून लिहिला आहे.

आमच्या घरी हे झाड खाकी पाकिटातून आलं. वडील, म्हणजे अण्णा, गायीच्या कामाने उरुळीकांचनला गेले होते. येताना खिशात मूठभर बिया आणि एक काळसर भुकटीची पुडी घेऊन आले. बी तपकिरी, चपटं आणि असं चकचकीत की कुणीतरी तेल लावून पुसलंय. किलोभर घेतलं तर वीसेक हजार बिया भरतात. म्हणजे त्या एवढ्याशा पाकिटात गावातल्या सगळ्या बांधांना पुरून उरतील इतकी झाडं होती. पण बी भारी हट्टी. टरफल पाणीच आत घेत नाही, तसंच पेरलं तर महिनोन्‌महिने मातीत पडून राहतं. आईने चुलीवर पातेलं ठेवलं, पाणी वाफाळलं तसं खाली उतरवलं, बिया ओतल्या, दोनशे आकडे मोजले आणि मग त्या गार पाण्यात रात्रभर ठेवल्या. ८० अंश सेल्सियस आणि तीन-चार मिनिटं हा शास्त्रातला हिशेब मी फार पुढे वाचला. आईचा हिशेब होता 'चहापत्ती टाकायच्या आधीचं पाणी'. सकाळी बिया टम्म फुगल्या होत्या. गुळाच्या पाण्यात ती काळी भुकटी कालवून अण्णांनी त्यांना चोळली. ते रायझोबियम होतं, मुळांवर गाठी धरून हवेतला नत्र ओढणारे जीवाणू. झाड परदेशी, तेव्हा त्याचे जीवाणूही त्याच्याबरोबर पाठवावे लागत होते.

उरुळीकांचनला झाड कशासाठी आलं, हे समजायला मागे जावं लागतं. मार्च १९४६ मध्ये महात्मा गांधी पुण्याहून तीसेक किलोमीटरवरच्या या गावात आले, त्यांनी निसर्गोपचार केंद्र सुरू केलं आणि थोड्याच दिवसांत ते पुढे निघून गेले. मागे राहिले मणिभाई देसाई. मूळचे सुरत जिल्ह्यातले, वय पंचवीस. आयुष्य याच गावात घालवीन असा शब्द त्यांनी गांधीजींना दिला आणि १९९३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, पाळला. आश्रमाला दूध हवं म्हणून गायी आल्या, गायींमुळे गीर वंशाचं काम आलं आणि त्या कामातून १९६७ साली भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन उभं राहिलं. हे लांबलचक नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. बसलं ते 'बायफ'.

संकरित गाय ही दावणीला बांधलेली भूक असते. गावठी गाय कडबा चघळून, माळावर दोन तास फिरून दिवस काढते. दहा लिटर दूध देणारी गाय तसं करत नाही, तिला रोज हिरवं लागतं आणि त्यात प्रथिनं लागतात. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, दौंड-पुरंदरच्या पट्ट्यात, जिथे पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, तिथे कालव्याचं पाणी नसलेल्या शेतकऱ्याने उन्हाळ्यात हिरवं आणायचं कुठून? त्यात १९७२ चा दुष्काळ ताजा होता. छावण्यांमधली हाडं निघालेली जनावरं सगळ्यांनी पाहिली होती. गाय वाटणाऱ्या संस्थेला वैरणही वाटावी लागणार, हे उघड होतं. आणि ज्याची मुळं खोल जातात असं झाडच माळावर उन्हाळ्यात हिरवं राहू शकतं. सुबाभूळ उरुळीत आली ती वैरण म्हणून. जळण, लाकूड, ऊर्जा हे सगळं मागाहून तिला चिकटलं.

आता झाडाची कुळकथा, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. सुबाभळीचं माहेर मेक्सिको. तिथल्या ओहाका राज्याच्या नावातच हे झाड आहे: नाहुआतल भाषेत या झाडाला 'हुआशिन' म्हणतात आणि त्यावरूनच ते नाव पडलं. लोक तिच्या कोवळ्या शेंगा खात. स्पॅनिश जहाजांनी ती मेक्सिकोहून फिलिपीन्सला नेली आणि तिथून ती उष्ण प्रदेशभर पांगली. पण जहाजातून गेली ती जात ठेंगणी, झुडपी, चार-पाच महिन्यांत फुलायला लागणारी आणि मुठी-मुठीने बी टाकणारी होती. फिलिपीन्समध्ये ती 'इपिल-इपिल' झाली, इंडोनेशियात 'लामटोरो', हवाई बेटांवर 'कोआ हाओले', म्हणजे परदेशी कोआ. खोड मनगटाएवढं झालं की झाडाचं लक्ष बी धरण्याकडे. सरपणाला ठीक, बाकी कशालाच नाही. शतकानुशतकं जगाला एवढीच सुबाभूळ ठाऊक होती.

हे चित्र पालटलं हवाई विद्यापीठाच्या वैमानालो इथल्या प्रक्षेत्रावर. जेम्स ब्रूबेकर हे मुळात मक्याचे पैदासकार. हवाईच्या गोड मक्याच्या वाणांमागेही त्यांचंच नाव आहे. साठच्या दशकात त्यांनी मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून या झाडाचं बी गोळा केलं, प्रत्येक नमुन्याला 'के' अक्षर आणि आकडा दिला आणि शेजारी शेजारी लावून पाहिलं. त्यात काही नमुने असे निघाले की ते बघताक्षणी वेगळे कळावेत. सरळसोट खोड, फांद्या कमी, पानं मोठी, फुलायची घाई नाही. पहिल्या वर्षातच तीन ते पाच मीटर उंची. पूर्ण वाढलं की वीस मीटर. के-८ मेक्सिकोच्या साकातेकास राज्यातला, के-६७ एल साल्वादोरचा. 'हवाईयन जायंट' हे नाव यांना चिकटलं, जरी त्यांतलं एकही मूळचं हवाईचं नव्हतं.

इथे पैदासकाराचं काम नेमकं काय होतं, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. गव्हाच्या किंवा कपाशीच्या पैदाशीत आपण संकर, पिढ्या, निवड हे शब्द ऐकतो. सुबाभळीत सुरुवातीला यातलं जवळजवळ काही करावंच लागलं नाही. तिच्या पेशीत १०४ गुणसूत्रं असतात, ती चतुर्गुणित आहे आणि मुख्य म्हणजे स्वपरागी आहे. पांढऱ्या गोंड्यासारख्या फुलात शेकडो बारकी फुलं. परागकण त्याच फुलात पडतात आणि बी धरतं. त्यामुळे के-८ चं बी पेरलं की के-८ च उगवतो. आंब्यासारखं नाही, की हापूसची कोय लावावी आणि काय निघेल ते देवाला ठाऊक. चांगलं झाड शोधलं, त्याचं बी घेतलं, की वाण तयार! कलम नको, रोपवाटिकेतली नजाकत नको, दरवर्षी नवं बी विकत घेणं नको. शेतकरी आपल्याच झाडाच्या शेंगा फोडून शेजाऱ्याला देऊ शकतो आणि शेजाऱ्याचं झाड तितकंच उंच होतं.

म्हणूनच तर ते पाकिटातून आलं. सामाजिक कामाला याहून सोयीचं झाड सापडणं कठीण. एका पोस्टाच्या लिफाफ्यात एक जंगल मावत होतं.

सत्तरच्या दशकात बायफने हे हवाईचे उंच वाण आणले, उरुळीकांचनच्या प्रक्षेत्रावर वाढवले आणि बी वाटायला सुरुवात केली. नावाचा एक गमतीचा भाग आहे. त्या काळच्या कागदांत 'कुबाभूळ' आणि 'सुबाभूळ' अशी दोन्ही नावं दिसतात. 'कु' हे 'कोआ'वरून आलं असावं, पण आपल्याकडे 'कु' लागलं की विषय संपतो. कुपुत्र, कुलक्षणी, कुबाभूळ! टिकलं ते 'सु'. आणि ते पटलंही, कारण आमच्याकडे आधीच एक 'वेडी बाभूळ' होती, बोटभर काट्यांची, शेळीसुद्धा जिच्या पाल्याला तोंड लावत नाही. त्या वेडीच्या शेजारी ही बिनकाट्याची, मऊ पानांची, शहाणीच वाटायची.

देशावरची जमीन तिला मानवली, यात नशिबाचा भाग मोठा. सुबाभळीला चुना लागतो आणि आम्लधर्मी जमीन सोसत नाही. आपल्या माळावरच्या चुनखडीला सगळे शिव्या देतात, तिने त्यावर मुळं पसरली. तीच रोपं कोकणातल्या जांभ्यावर लावून पाहणाऱ्यांना कळेना की इथे ती पिवळी पडून खुरटते का. पत्रकात हे लिहिलेलं असायचं की नाही, मला आठवत नाही. लिहिलेलं असलं तरी 'कुठेही येणारं झाड' असंच तोंडातोंडी पसरलं होतं.

आमच्या बांधावर दुसऱ्या वर्षी झाडं घराच्या आढ्याच्या वर गेली. अण्णांनी अर्धी छातीएवढ्या उंचीवर छाटून वैरणीला ठेवली, अर्धी लाकडाला सोडली. छाटलेल्या खोडाला दीड महिन्यात पुन्हा फुटवे. वाळलेल्या पाल्यात शेकडा वीस ते पंचवीस प्रथिनं असतात, म्हणजे पेंडीच्या वाटेवरचाच माल. पण पाल्यात मिमोसिन नावाचं द्रव्यही असतं, म्हणून गायीला एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त घालू नका असं बजावून सांगत. गायींना रवंथ करणारं पोट आहे, त्यातले जीवाणू बरंचसं विष मारून टाकतात. घोड्याकडे ती सोय नाही. शेजारच्या तात्यांनी ऐकलं नाही. टांग्याच्या घोडीला महिनाभर सुबाभळीचा पाला कापून घातला, फुकटचा म्हणून. घोडीच्या शेपटीचे केस पुंजक्या-पुंजक्याने गळाले. बाजाराच्या दिवशी टांगा उभा राहिला की पोरं शेपूट बघायला गोळा व्हायची. पाला बंद केल्यावर केस परत आले, तात्यांची इज्जत मात्र जरा उशिराने आली.

इथपर्यंत गोष्ट वैरणीची होती. ती जळणाची झाली याला कारण १९७३ चा तेलाचा भडका. रॉकेल रांगेत उभं राहून मिळायचं, डिझेल महागलं आणि जगभरच्या सरकारांना अचानक आठवलं की निम्मी दुनिया अजून लाकडावरच स्वयंपाक करते. १९७७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसने फक्त या एका झाडावर पुस्तक काढलं. १९८० मध्ये जळणाच्या झाडांवर आणखी एक आलं, त्यातही सुबाभूळ. हेक्टरी वर्षाला तीस-चाळीस घनमीटर लाकूड असे आकडे त्यात होते. ब्रूबेकरांनी १९८१ मध्ये वैमानालोला नत्र स्थिर करणाऱ्या झाडांची एक जागतिक संघटनाच सुरू केली. हवाईतल्या मोलोकाई बेटावर सुबाभळीची ऊर्जाशेती परवडेल का, याचा हिशेब मांडून झाला होता. 'ऊर्जावन' हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत याच सुमारास दिसू लागला.

याच लाटेत २६ आणि २७ जून १९८१ रोजी उरुळीकांचनला सुबाभळीवरचं राष्ट्रीय चर्चासत्र भरलं. देशभरचे वनाधिकारी, कृषिशास्त्रज्ञ एका खेड्यात गोळा झाले, एका झाडासाठी. पुढच्या वर्षी मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने अपारंपरिक ऊर्जास्रोतांचा वेगळा विभाग काढला. संस्थेच्या इतिहासातली ही वर्षं मला सर्वांत भारलेली वाटतात. संस्थेतले डॉ. नारायण हेगडे, जे पुढे अध्यक्ष झाले, त्यांनी सुबाभळीच्या लागवडीवर, अंतरावर, छाटणीवर, पडीक जमिनीच्या अर्थकारणावर सातत्याने लिहिलं. त्यातलं बरंचसं अजूनही उपयोगी पडतं, कारण त्यात झाडाइतकाच माणसाच्या खिशाचा विचार आहे.

ऊर्जेचा हिशेब मात्र त्या भारलेपणात पुरता कुणी मांडत नव्हतं, तो इथे मांडतो. सुबाभळीचं वाळलेलं लाकूड किलोला ४,२०० ते ४,६०० किलोकॅलरी उष्णता देतं. बाभळीच्या पंगतीत बसेल असं, धूर कमी. लाकडाचा वायू करून त्यावर इंजिन चालवलं तर एक युनिट विजेला सव्वा-दीड किलो कोरडं लाकूड जातं. म्हणजे एक मेगावॉटचं छोटं केंद्र रात्रंदिवस चालवायचं तर रोज तीस टनांच्या वर. तीन-चार ट्रक. रोज! वर्षाला अकरा हजार टन, आणि हेक्टरी पंधरा टन कोरडं लाकूड निघतं असं उदारपणे धरलं तरी सातशेहून जास्त हेक्टर जमीन फक्त त्या एका चिमणीसाठी. ती जमीन चांगली असेल तर शेतकरी ऊस लावेल, वाईट असेल तर पंधरा टन निघणार नाहीत. जळणाच्या झाडाची खरी गोची इथेच आहे.

फिलिपीन्सने ही गोची मोठ्या प्रमाणावर अनुभवली. तिथल्या सरकारने ऐंशीच्या सुमारास उंच इपिल-इपिल लावून तिच्या लाकडावर चालणाऱ्या तीनेक मेगावॉटच्या वीजकेंद्रांची मालिकाच आखली. शेतकरी कुटुंबांचे गट करून त्यांना डोंगरउतार वाटून दिले. कागदावर ते देखणं होतं. प्रत्यक्षात झाडं वाढली ती पुस्तकातल्या वेगाने नाही, लाकूड डोंगरावरून खाली आणायला रस्ते नव्हते आणि जिथे झाडं बरी आली तिथे कोळसा करून बाजारात विकणं जास्त पैसे देत होतं. मोजकी केंद्रं चालली, बाकीची योजनेतच राहिली.

आपल्याकडे उडी लहान होती, म्हणून आदळणंही लहान झालं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच अश्वशक्तीचा डिझेल पंपसेट लाकडाच्या वायूवर चालवून दाखवला, त्याचे निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. उरुळीच्या बियांची झाडं मात्र विजेसाठी क्वचितच तोडली गेली. ती गेली चुलीत, वीटभट्टीत, लग्नाच्या आचाऱ्याच्या भट्टीखाली. मला विचाराल तर यात कमीपणा काहीच नाही. बाई दोन मैल चालून मोळी आणत होती, ती आता बांधावरून आणू लागली. ही ऊर्जाच आहे. फक्त तिला मीटर लावलेला नव्हता म्हणून ती मोजली गेली नाही.

आणि मग झाडाच्या उवा आल्या.

हेटेरोप्सिला क्युबाना. दीड-दोन मिलिमीटरचा, पिवळट हिरवा, उड्या मारणारा कीटक. मूळ कॅरिबियन बेटांकडचा. तिथे आणि मेक्सिकोत तो या झाडांबरोबर युगानुयुगं राहत आला, त्यामुळे दोघांचं बरं चाललं होतं. १९८४ मध्ये तो हवाईत पोहोचला, १९८५ मध्ये फिलिपीन्समध्ये, १९८६ पर्यंत इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलियात. पॅसिफिक महासागर त्याने दोन वर्षांत ओलांडला, बहुधा विमानातून किंवा वाऱ्यावरून. १९८८ मध्ये तो दक्षिण भारतात सापडला आणि मग वर सरकला.

आमच्याकडे तो पावसाळा संपताना दिसला. शेंड्यावरची कोवळी पानं उघडायच्या आत आखडायला लागली. जवळ जाऊन बघितलं तर पान दिसतच नव्हतं, नुसती हलणारी पिवळी पूड. खालची पानं चिकट्याने माखलेली, त्यावर काजळी. झाडाखाली उभं राहिलं तर अंगावर बारीक फवारा पडल्यासारखं व्हायचं. पाऊस नव्हे, तो त्यांचा चिकटा होता. आई म्हणाली, 'मावा पडलाय, राख टाका.' अण्णा वर बघत म्हणाले, 'तीस फुटांवर राख कोण टाकणार?' पंधरा दिवसांत बांधावरची सगळी झाडं शेंड्याकडून जळाल्यासारखी झाली. सगळी, एकाच वेळी, एकाच तऱ्हेने. कडुलिंबावर कीड पडली तर दहांतली दोन झाडं तरी कमी-जास्त वाचतात. इथे तसं झालं नाही.

होणार तरी कसं? आमच्या बांधावरचं प्रत्येक झाड त्या एका पाकिटातलं होतं आणि पाकिटातलं प्रत्येक बी एकाच जातीचं. स्वपरागी झाडाची सगळी लेकरं एकाच वळणाची. जो गुण पाहून आपण खूश झालो होतो, की बी पेरलं तर तंतोतंत तेच झाड येतं, त्याच गुणाने किडीला एकच कुलूप दिलं होतं. एक किल्ली सापडली आणि फिलिपीन्सपासून पुरंदरपर्यंतची दारं उघडली. ब्रूबेकरांसारख्यांना हे आधीच ठाऊक होतं. अरुंद जनुकीय पायाबद्दल इशारे लिहिलेले होते. पण वाटणाऱ्यांची घाई आणि लावणाऱ्यांची भूक इशाऱ्यासाठी थांबत नाही.

झाडं मेली मात्र नाहीत, हेही नोंदवायला हवं. फेब्रुवारी सरला, ऊन तापलं आणि कीड ओसरली. पस्तीस-छत्तीस अंशांच्या वर तिला जगणं जड जातं. ज्या उन्हाळ्याने आमची विहीर आटायची, त्यानेच सुबाभूळ वाचवली. ओल्या, दमट मुलखांना ही सवलत नव्हती, तिथली लागवड बसली ती बसलीच. सरकारी संशोधकांनी क्युरिनस नावाचा, निळसर काळा ढालकिडा बाहेरून आणून दक्षिणेत सोडला, त्यानेही काही भार उचलला.

पैदासकारांना आता खरं काम लागलं. पहिल्या फेरीत त्यांनी फक्त निवड केली होती. आता संकर करायला हवा होता. सुबाभळीच्या चुलतकुळात पालिडा आणि डायव्हर्सिफोलिया या जाती आहेत, मेक्सिकोच्या उंच, थंड भागातल्या. त्यातली पालिडा ही परपरागी, स्वतःच्या परागाने बी धरतच नाही, आणि कीड तिला फारशी बाधत नाही. पालिडाचं एकटं झाड मध्ये आणि सुबाभळीची कडेने लावली की पालिडावर धरणारं बी संकराचं. वैमानालोचा केएक्स-२ असा तयार झाला: वाढ दणकट, कीड आली तरी पाला टिकतो. दरम्यान मेक्सिकोच्या कोआविला राज्यातला के-६३६ हा नमुना पुढे आला. शुद्ध सुबाभूळच, पण जुन्या के-८ पेक्षा उंच, सरळ आणि किडीला जरा कमी दाद देणारा. ऑस्ट्रेलियात तो 'तारांबा' नावाने गेला.

आंध्र प्रदेशात नव्वदनंतर सुबाभळीचा जो नवा संसार मांडला गेला, तो कागद गिरण्यांचा. कृष्णा, गुंटूर, प्रकाशमच्या शेतकऱ्यांनी तंबाखू आणि कपाशी सोडून मैलोन्‌मैल सुबाभूळ लावली, वजनावर विकली आणि भावासाठी ते भांडले. वैरण म्हणून आणलेलं, ऊर्जेसाठी गाजलेलं झाड शेवटी लगद्यात गेलं. झाडाची जात कशासाठी निवडावी हे प्रयोगशाळेत ठरतं. ती कुठे विकली जाईल हे वखारीच्या काट्यावर. उरुळीनेही काळाबरोबर आपला हात बदलला होता. गुजरातेत वांसद्याला ऐंशीच्या दशकात सुरू झालेल्या वाडीच्या कामात आंबा, काजू ही फळझाडं मुख्य होती आणि सुबाभूळ कडेला, कुंपणाच्या आणि जळणाच्या जागी बसली. मला तिची ही जागा योग्य वाटते. एकटीने राज्य करणारं झाड म्हणून ती वाईटच होती, शेजारीण म्हणून चांगली.

एक तक्रार तिच्यावर अजून आहे आणि ती खरी आहे: तणासारखी पसरते. जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर परकीय आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. या दोषाचं मूळही पुन्हा त्याच बीमध्ये. ब्रूबेकरांनी म्हातारपणात यावर जो इलाज काढला तो ऐकून मला गंमत वाटली आणि थोडं वाईटही. २०१३ मध्ये त्यांच्या गटाने केएक्स-४ हा वाण जाहीर केला. सुबाभूळ आणि एस्क्युलेंटा या जातींचा त्रिगुणित संकर. लाकडाला आणि जैवऊर्जेला उत्तम, आणि बी धरतच नाही. तण होणार नाही, माळभर पसरणार नाही. पण ते कलमानेच वाढवावं लागणार, म्हणजे प्रत्येक रोप कुणीतरी हाताने तयार करणार आणि कुणीतरी पैसे मोजून घेणार. अण्णांच्या खिशात ते मावलं नसतं.

आमच्या बांधावरचं त्या पाकिटातलं शेवटचं झाड मागच्या उन्हाळ्यात पाडलं. बुंधा दोन हातांत मावत नव्हता. वखारवाल्याने आडकाठी न करता काट्यावर घेतला, फांद्या आमच्याकडेच राहिल्या. त्या अजून परसात रचलेल्या आहेत, गॅस संपला की उपयोगी पडतात. जूनमध्ये दोन पाऊस झाले आणि पाडलेल्या जागी गालिचा पसरावा तशी बोटभर रोपं उगवली, शंभर तरी असतील. पुतण्या पंप पाठीला लावूनच आला. 'काका, तणनाशक मारू ना?'

'मार,' म्हटलं. 'कडेची दोन ठेव. शेळीला होतील.'